पट्ट्यांपाशी थांबलेली गाडी

माझ्या सासूबाईंची, म्हणजे आशाबाईंची, धाकटी बहीण शहरात आमच्याच गारखेडा भागात राहते. दोघींच्या घरांमध्ये फक्त एक रस्ता. पण त्या रस्त्याला माणसांची काडीची दया नाही. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे गाडीवाल्यांना रांगोळी वाटतात बहुतेक. सासूबाई जन्मभर गंगापूरकडे शेतात राबलेल्या. साप निघाला तरी न डगमगणारी बाई, इथं मात्र कडेला उभी राहून परत यायची. तिकडे ही बहीण, कौसामावशी, खुब्याचं ऑपरेशन होऊन पडलेल्या. आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीवर, त्यामुळे बहिणींची भेट फक्त रविवारी. एरवी सासूबाई गॅलरीत बसून पलीकडच्या इमारतींकडे बघायच्या. मला ते बघवायचं नाही.

त्या रविवारी मी कडेच्या गाड्यावर मावशींसाठी पपई निवडत होते. सासूबाई पुढे पट्ट्यांपाशी उभ्या होत्या. तेवढ्यात एक कार आली आणि पट्ट्यांच्या अलीकडे चक्क थांबली. सासूबाईंनी शांतपणे मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसल्या!

मी पपई टाकून धावले. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. गंगापूरच्या रस्त्यावर समोर जीप थांबली की बसायचंच असतं.

"थांब बाबा, माझी सून येऊ लागली," त्या कारवाल्याला सांगत होत्या.

तो बिचारा वळून बघतच राहिला. "मावशी, कुठं जायचंय?"

"हे काय, पलीकडं."

"मग जा की! तुम्ही जावं म्हणूनच थांबलोय मी."

"माझ्यासाठी थांबला? अन् बसवायचं नाय?"

"नाही हो. पट्ट्यांवर माणूस आधी, गाडी मागून."

मागे हॉर्नचा नुसता कल्ला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई सावकाश उतरल्या, "लई गुणाचा हाईस," असं त्याला म्हणाल्या आणि हॉर्नवाल्यांकडे ढुंकूनही न बघता पलीकडे गेल्या.

सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आले तर घराला कुलूप. तशीच रस्त्याकडे पळाले, कुठे गर्दी जमलीय का बघत. गर्दी नव्हती. धापा टाकत मावशींचं घर गाठलं, तर सासूबाई बहिणीची वेणी घालत बसलेल्या.

"एकट्या आलात? गाड्या थांबल्या?"

"कशाच्या थांबतेत! आधीच्या गेल्या भुर्रकन. मी आपली हात करून उभी ऱ्हायले. मग एक रिक्षावाला थांबला. त्यो थांबल्यावर मागचे जातेत कुठं?"

मला खरं तर रागवायचं होतं, पण डोळेच भरून आले.

आम्ही निघालो तशी कौसामावशींनी बहिणीचा पदर धरला. "अक्का, आता रविवारीच का गं?"

"रविवार कशाला? उद्या येते."