मधली शांतता

कुकरच्या शिट्ट्या ताईला ऐकू येईनाशा झाल्या, तेव्हापासून मी जीव मुठीत धरून कामावर जात होते.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. रेडिओवर बोलणारी आणि गाणी लावणारी ती. काचेच्या अलीकडे बसून तिचा माइक चालू-बंद करणारी मी. ताईच्या आधी आमच्या स्टेशनवर गाण्यांची नावं वाचून दाखवत, तीही शोकसभेत वाचावीत तशी. गाण्याशी भांडायला पहिल्यांदा ताईने सुरुवात केली. न आवडलेल्या रेकॉर्डवरून ती अर्ध्यातच सुई उचलायची, "पुरे बाई, डोकं उठलं!" म्हणायची, आणि आवडलेलं गाणं लागोपाठ दोनदा लावायची. दोनदा लागलेलं गाणं संध्याकाळपर्यंत रस्तोरस्ती ऐकू यायचं. सुई उचललेल्या गाण्याला नंतर कुत्रंही विचारत नसे.

मग संगीतकार ताईच्या कानाला रुचेल तेच बनवू लागले, यात नवल नाही. नवल पुढे आहे. बारीक, उंच आवाज ताईला ऐकू येईनासे झाले, तशी तिला सगळीच गाणी पांघरुणात तोंड घालून म्हटल्यासारखी वाटू लागली. "जरा धार आणा रे!" ती माइकवर म्हणायची. बिचारे धार आणायचे. गाणी हळूहळू इतकी टोकदार झाली की ऐकून माझे दात आंबायचे. एका बाईचं दुखणं अख्ख्या शहराच्या गाण्यांना जडलं होतं आणि ते मला एकटीलाच ठाऊक होतं.

डॉक्टरचं नाव काढलं की ताई अंगावर यायची. "हे बाहेर कळलं तर स्टेशन ठेवेल मला? मग दोघी खाणार काय, माझे कान?" श्रोत्यांचे फोन घेणं तिने मलाच सांगितलं होतं. समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून ओळखायची. रोज कार्यक्रम सुरू झाल्याचा लाल दिवा लागला की मला वाटायचं, आज ही पकडली जाणार.

एका दुपारी एक नवी गायिका आपली पहिलीच रेकॉर्ड घेऊन आली. तिच्या गाण्यात बासरी वाजवली होती तिच्या वडिलांनी. ती आत ताईसमोर बसली आणि ते माझ्या शेजारी स्टुलावर, अंग चोरून. गाणं सुरू झालं. मधे सगळी वाद्यं थांबली आणि टीचभर बासरी एकटीच वर चढत गेली, अगदी टोकापर्यंत. इतकं सुंदर मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. मग मी ताईकडे पाहिलं. ताल धरणारं तिचं पाऊल थांबलं होतं. गाणं पुन्हा कधी सुरू होतंय याची ती वाट पाहत होती.

"वा!" गाणं संपल्यावर ताई माइकवर म्हणाली. "मधे सगळं थांबवून ती नुसती शांतता ठेवलीस ना, त्याला छाती लागते गं!"

गायिकेचं तोंड उघडंच राहिलं. तिने काचेतून वडिलांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता, तरी त्यांनी घाईघाईने मान हलवली, हो म्हण म्हणून.

"हो ताई," ती म्हणाली. "मुद्दामच ठेवली."

ताईने गाणं पुन्हा लावलं. फोन खणखणू लागले. संपलं सगळं, मी मनात म्हटलं. पण पहिलाच श्रोता म्हणाला, "बासरीला शांतता म्हणणं ताईंनाच सुचावं!" पुढचे सगळे तेच म्हणाले. मी हसून एकेक फोन खाली ठेवत गेले.

त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक गाण्यात मधे खड्डा असायचा. वाद्यं थांबायची आणि खरोखरच काही नसायचं. शेवटी त्या मुलीची रेकॉर्डही नव्याने निघून आली, बापाची बासरी काढून टाकलेली. कार्यक्रमाआधी ताई ती माझ्या खोलीत उभी राहून ऐकत होती. मधे आवाज किती आहे ते दाखवणाऱ्या माझ्या मीटरचा काटा एकदम खाली पडला.

"हा का पडला?" ताईने विचारलं.

"शांतता आहे ना."

"मागच्या वेळी माझ्या टेबलावरचा काटा तर नाचत होता. मला वाटलं, मीटर बिघडलंय." ती माझ्या ओठांकडे पाहू लागली. "काय होतं गं तिथे?"

"बासरी."

ताई कशालाही घाबरलेली मी जन्मात पाहिली नव्हती. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मग ज्यांच्यावरून मी सुई उचलली, त्यांच्यात काय काय होतं?"

लाल दिवा लागला. ताई आत जाऊन बसली. ती काय बोलणार हे मला तिच्या तोंडावरच दिसलं. खटका माझ्या बोटाखाली होता. दाबला असता तर माइक बंद पडला असता आणि आमची भाकरी वाचली असती. भीतीने बोटच हललं नाही.

"मी जिला शांतता म्हटलं, ती बासरी होती," ताई म्हणाली. "मला ती ऐकूच आली नाही. मला बरंच काही ऐकू येत नाही आता. माझ्या कानांवर विसंबू नका." आणि तिने बासरीवाली जुनी रेकॉर्ड लावली.

फोन वाजला. स्टेशनच्या साहेबांचाच असणार, म्हणून मी डोळे मिटून उचलला. एक संगीतकार दबक्या आवाजात बोलत होता.

"रेकॉर्डिंग थांबवून ठेवलंय. वादक बसून आहेत. ताईंना तेवढं विचारा ना, आता शांतता ठेवू की बासरी घालू?"

"त्या आत्ता काय म्हणाल्या ते ऐकलंत ना?"

"ऐकलं की! म्हणून तर विचारतोय."

काचेपलीकडून ताईने हातानेच विचारलं, काय म्हणतायत? मी ओठ नीट हलवत, सावकाश सगळं सांगितलं. मला वाटलं, आता रडेल. निदान चिडेल तरी. पण ताईने नेहमीसारखा एक हात वर केला, जरा थांब म्हणून, मान तिरकी केली आणि डोळे मिटून ती विचार करू लागली.