सहा नंबरचे बूट

अंजनाबाईने इकडेतिकडे पाहिले, सागाच्या ओंडक्यावर टेकली आणि उजवा पाय देवाजी मिस्त्रीच्या बुटात घातला. टाच अडली. तिने दात आवळून जोर लावला, तसा पाय आत गेला. लेस कशी बांधतात ते तिला ठाऊक नव्हते. गुराच्या दाव्याला मारतात तशी गाठ तिने मारली.

समोर आरा मशीनच्या शेडच्या दारात आणखी दहा जोड ओळीने उभे होते. काळे, नवेकोरे, नाकात लोखंडाची वाटी असलेले. ते ज्यांचे होते ते सगळे आत अनवाणी कामाला लागले होते.

ह्याची सुरुवात झाली शनिवारी. आलापल्लीच्या रस्त्यावरच्या त्या मिलमध्ये सुपरवायझर शालिकरामबाबूंनी सुरक्षा नियमांचा कागद वाचून दाखवला. आऱ्याजवळ दुपट्टा नको, बिडी नको, पात्याचे झाकण काढायचे नाही. पाचवा नियम, बुटाशिवाय शेडमध्ये कोणी यायचे नाही. मग अकरा नावे वाचून त्यांनी अकरा जोड वाटले. बारावी अंजनाबाई हात पुढे करून उभीच राहिली.

"तुह्यं नाव यादीत नाई, बाई," शालिकरामबाबू म्हणाले.

"काऊन जी? मले पाय नाईत?"

"पाय हायेत. पण यादी माणसायची हाये. आन् बूट नाई तर आत येता येत नाई. सोमवारपासून जंगू झाडून घेईल. सुरक्षा सप्ताह चालू होऊन राह्यला, इन्स्पेक्टर साहेब केव्हाबी येईल. माह्या हातात काई नाई."

अंजनाबाई शेडमधला भुसा झाडायची. नवरा गेल्यापासून नऊ वर्षे. मजुरीवर घर चालायचे आणि पोत्यात भरून नेलेल्या भुशावर शेगडी. शेडचे दार बंद झाले तर घरात दोन्ही बंद.

बूट मिळाले त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. देवाजी मिस्त्री शेडच्या दारात थबकला. वीस वर्षे आरा चालवणारा, बुटका, वाळलेला माणूस. दर दसऱ्याला मशीनला हार घालायचा तो त्यानेच, नारळ फोडायचा तोही त्यानेच. फाटकापासून दारापर्यंत तो बूट घालून आला होता. तिथे त्याने ते काढले आणि म्हणाला,

"मशीन आपला देव हाये. देवाम्होरं चामडं घालून जाऊ का मी?"

मिस्त्रीने काढले म्हटल्यावर बाकीच्यांनीही काढले. जरा घाईनेच काढले. शालिकरामबाबू "बूट घाला बे, बूट घाला!" म्हणत मागोमाग आत धावले, पण जाताना सवयीने स्वतःच्या चपला त्यांनीही दारातच सोडल्या होत्या.

अंजनाबाईने रविवार विचारात घालवला. बूट हवेत असे कागदात होते. कोणाचे हवेत, ते नव्हते. आणि अकरा जोड दिवसभर दारात रिकामे बसून असणार होते. त्यातले दहा तर होडीएवढे. मिस्त्रीचेच तेवढे सहा नंबरचे.

म्हणून सोमवारी ती ठक ठक करत आत शिरली. फळ्या रचणाऱ्या जंगूचा हात अर्ध्यावरच थांबला.

"अवो बाई, देवापुढं बूट घालून चालली तू?"

"आमच्या घरचे देव छप्पन साली दीक्षा घेतली तवाच गेले, भाऊ. आता ह्या मशीनले कुठी बसवू?"

देवाजीने तिच्या पायांकडे पाहिले. मग आऱ्याकडे पाहिले. मग बटण दाबले.

जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्याजवळ गेली. "मिस्त्री, भोंग्याच्या आधी जाग्यावर ठेवतो मी."

"काय ठेवतं?" देवाजी भाकरीतून डोके वर न काढता म्हणाला. "मले काई दिसलं नाई."

शालिकरामबाबूंना मात्र दिसले. त्यांनी विचारले, "कोणाचे बूट हे?" ती म्हणाली, "मिलचेच." त्यावर काय बोलायचे ते कागदात नव्हते.

मंगळवारी अंजनाबाईच्या दोन्ही टाचांना फोड आले. बुधवारी फुटले. तिने हळद भरली, वर चिंधी गुंडाळली आणि मोहाच्या बियांचे तेल आणून बुटालाच पाजले. टाचेला, अंगठ्यापाशी, जिथे जिथे तो चावत होता तिथे तिथे. जनावर माणसाळवावे तसे तिने ते बूट माणसाळवले.

संध्याकाळी फाटकाशी शालिकरामबाबू उभे असत, म्हणून सगळे तेवढ्यापुरते बूट चढवून बाहेर पडत. अकराही जण लंगडत. पण शुक्रवारी दहाच लंगडले. देवाजी ताठ चालला.

"मिस्त्री," जंगू मागून ओरडला, "तुमचे बूट सरकारनं वेगळे देल्ले का?"

"चालाची ढब लागते," देवाजी म्हणाला.

घरी गेल्यावर त्याने बूट उलटा केला. आत टाचेपाशी पिवळे डाग होते. त्याने बोट घासून हुंगले. हळद. शनिवारी सकाळी अंजनाबाई आली तेव्हा सहा नंबरचा जोड ओळीपासून वेगळा, ओंडक्याजवळ ठेवलेला होता. लेस सैल करून.

त्याच दिवशी दुपारी चंद्रपूरची जीप आली.

इन्स्पेक्टर साहेब तरातरा शेडपर्यंत आले, दारातली बुटांची ओळ पाहिली आणि थांबले. मग देवळाबाहेर वाकावे तसे वाकून त्यांनी स्वतःचे बूट काढले, ओळीत नीट लावले आणि मोज्यांवर आत गेले. चार पावले गेल्यावर सालपटाचा काटा मोज्यातून तळव्यात शिरला. एका पायावर उभे राहून त्यांनी वर पाहिले. अकरा माणसे अनवाणी. मध्ये खराटा घेतलेली एक बाई, पायात बूट.

काटा उपसून साहेबांनी वही काढली.

"ह्या मिलमध्ये नियम पाळणारं एकच माणूस आहे. नाव काय?"

"साहेब, तिचं नाव यादीत नाई," शालिकरामबाबूंच्या तोंडून निघून गेले.

"यादीत नाही? मग बूट कोणाचे घातलेत तिने?"

अंजनाबाईने खराटा घट्ट धरला. दुसऱ्याचे बूट नेले म्हणजे चोरी, आणि चोरीला नऊ वर्षांची नोकरी किती पुरणार?

"माह्ये हायेत, साहेब," देवाजी म्हणाला. "मीच देल्ले तिले."

"आणि तू का नाही घातलेस?"

देवाजीने मशीनकडे पाहिले. दसऱ्याचा वाळका हार अजून चौकटीला लटकत होता. जंगूने त्याच्यासाठी उत्तर तयारच ठेवले होते. तो तोंड उघडणार, तेवढ्यात मिस्त्री खाली मान घालून म्हणाला,

"चावतात, साहेब."

मग मागून कोणीतरी म्हणाले, "माह्येबी." मग जंगू, "माह्ये तर अंगठाच खातात." पाहता पाहता दहाही जणांनी देवाला बाजूला ठेवून पाय पुढे केले आणि साहेब एकेक फोड पाहत मोज्यांवर शेडभर फिरले.

त्यांनी वहीत काय लिहिले ते कोणाला कळले नाही. पण महिन्याने यादीत बारावे नाव आले आणि बारावा जोड आला. सहा नंबर. लाकडासारखा कडक.

अंजनाबाई तो काखेत धरून सकाळी दारात आली. देवाजी ओंडक्यावर बसला होता. त्याने पायातले मऊ बूट काढले आणि तिच्यापुढे सरकवले. तिच्या काखेतले नवे ओढून घेतले, दात आवळून एकेक पाय आत घातला. मग मशीनच्या दिशेने हात जोडले आणि बुटांसकट उंबरा ओलांडला.

"मिस्त्री," आतून जंगूचा आवाज आला, "आज काऊन लंगडून राह्यले जी?"

"चालाची ढब हाये," देवाजी म्हणाला.

अंजनाबाई लेस बांधायला खाली वाकली. आता तिला सरळ गाठ येत होती. तरी त्या दिवशी ती बांधायला तिने बराच वेळ लावला.