न पिण्याचं तीर्थ

मोराचं एक पीस. टोकाला पिवळट चिकटा.

‘गार्डन व्ह्यू, फक्त काही फ्लॅट शिल्लक’ असा फलक. त्याखाली चपलांचा ढीग.

भाजलेली हिरवी मिरची, अर्धी खाल्लेली.

उशीत तोंड खुपसून पालथी झोपलेली म्हातारी.

म्हातारी म्हणजे सोनिवलीच्या विठाबाई. डोळ्याचा पडदा सरकला म्हणून ऑपरेशन झालं, पडदा जागेवर राहावा म्हणून आत तेल भरलं. पालथं झोपा, डोळ्यातला दाब उतरवायचे थेंब चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. पुढे डोळा ठणकायला लागला, तो थांबेना. लेक संदीपनं आईला रिक्षात घातलं आणि दवाखान्याऐवजी पालेगावला नेलं.

तिथे एका अर्धवट टॉवरच्या बंद पडलेल्या बुकिंग ऑफिसात दर गुरुवारी नेत्रानंद महाराज बसायचे. समोर तांब्याचा वाडगा, हातात मोरपीस.

“डॉक्टर सुई खुपसतो, आपण पीस फिरवतो! बोला, दुखतंय?”

“नाय महाराज!” गर्दी ओरडायची.

“केमिकलचे थेंब?”

“बंद महाराज!”

“आणि ध्यानात ठेवा, हे तीर्थ प्यायचं नाही. फक्त डोळ्यात. पोटात गेलं की शक्ती गेली!”

पीस वाडग्यात बुडायचं, एकाच्या पू आलेल्या डोळ्यावरून फिरायचं आणि तसंच पुन्हा वाडग्यात. मग पुढचा डोळा. संदीपची बायको रोहिणी पहिल्याच गुरुवारी तोंडाला पदर लावून बाहेर आली. पू लागलेलं ते पीस तिला बघवेना. पण त्याहून जास्त छळत होतं ते दुसरंच. सासूबाईंचं दुखणं खरोखर थांबलं होतं. पीस फिरलं आणि क्षणात थांबलं.

“बघ,” संदीप म्हणाला. “उगाच डोकं लावतेस. आईला बरं वाटतंय ना? मग टेन्शन कसलं?”

“तासाभरात परत दुखतं, त्याचं काय?”

“म्हणून तर बाटली दिलीय घरी घालायला.”

बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या झाल्या. दाबाचे थेंब फ्रीजमध्ये तसेच पडून राहिले. विठाबाईंना दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. महाराज म्हणाले, तेज उतरतंय!

हात मात्र जन्माच्या सवयीचा. एका दुपारी डोळ्यात थेंब घालताना बरंच तीर्थ तळहातावर सांडलं. विठाबाईंनी ते ओठाला लावून पिऊन टाकलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि जेवायला बसल्या.

“अगो रोहिणी, मिरची बोथट हाय का गो? काय लागतच नाय.”

रोहिणीनं दुसरं टोक चावलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “आई, ही तर जाळ आहे.”

“मंग माझी जीभ कुठं गेली?”

रोहिणी उठली. बाटलीतले दोन थेंब स्वतःच्या जिभेवर टाकले. थोड्या वेळानं जीभ जाड झाली, लाकडासारखी. दाढ काढताना झाली होती तशीच.

त्याच दुपारी तिनं सासूला दवाखान्यात नेलं. डॉ. राजसींनी डोळ्याचा दाब मोजला, मान हलवली आणि रोहिणीच्या जिभेची हकीकत ऐकून बाटली हातात घेतली.

“बधिर करायचं औषध दिसतंय. तपासण्याआधी मी तसलेच थेंब टाकते, पण घरी कधीच देत नाही. बुबुळावर व्रण पडलेत ते यांना कळलेच नाहीत. आत दाब एवढा चढलाय. दुखणं ओरडून सांगत होतं, आणि हे थेंब रोज त्याचं तोंड दाबत होते.”

“नजर येईल?” रोहिणीनं विचारलं.

“उरलीय ती वाचवू. गेली ती गेली.”

पुढच्या गुरुवारी रोहिणी गर्दीत उभी राहिली. “महाराज, एवढं पवित्र तीर्थ, तुम्ही एक पळी घ्या की.”

महाराज हसले. “बाई, नियम आहे.”

“कोणाचा नियम?”

“ए, गप बस!” पुढच्या रांगेतले दौलतराव उसळले. गावातलं मोठं प्रस्थ, महाराजांचे पहिले भक्त. “तीर्थाला भितेस? हे बघ!” त्यांनी वाडगाच उचलला आणि तोंडात घोट घेऊन, खुळखुळवून, ऐटीत गर्दीकडे वळले. मग चेहरा बदलला. त्यांनी ते बाहेर थुंकलं.

“माआज... माजी जी... जीब...” लाळ गळत होती, त्यांना कळत नव्हतं. मागून कुणीतरी खिदळलं.

“हीच कृपा!” रोहिणी म्हणाली. “भुलीचं औषध. डोळा बरा होत नाही, मुका होतो. आत सडत असला तरी. आणि या वाडग्यात सगळ्यांचा पू आहे. आमच्या आईंची निम्मी नजर गेली यात. डोळ्यात कोणी काही घालायला लागलं तर विचारा, यात काय आहे? सांगत नसेल तर उठा. दुखत असेल तर डॉक्टरला दाखवा. एवढं तरी करा.”

महाराज शेजारच्या नमुना फ्लॅटच्या मोरीतून मागच्या मागे पसार झाले. दोन बायका त्यांच्या चेल्याशी, प्रमोदशी, उरलेल्या बाटल्यांसाठी भांडत होत्या. “दुखायचं तरी थांबतं ना!”

संदीप कोपऱ्यात उभा होता. वर बघत नव्हता.

विठाबाईंचा डोळा पहिल्यांदा ठणकला त्या सकाळी दवाखाना उघडा होता.