सकाळीच रुसणारं मशीन

मिलिंग मशीनभोवती अख्खं वर्कशॉप गोळा झालं होतं. लेथवाले होते, पॅकिंगच्या बाया होत्या, केबिनमधून एरवी मान बाहेर न काढणारा कारकूनसुद्धा होता. मधोमध यंत्रबाबा. पांढरेशुभ्र कपडे, डोळे मिटलेले, तळहात मशीनमागच्या लोखंडी कपाटावर टेकवलेला. स्क्रीनवर लाल अक्षरांत अलार्म लुकलुकत होता आणि बाबांचे ओठ हलत होते. चांगला अर्धा तास हे चाललं. मग बाबांनी डोळे उघडले आणि अंगठ्याने रीसेट दाबलं. लाल अक्षरं गेली, मोटारींनी गुणगुण धरली, मशीनचं टेबल सरकत आपल्या जागी जाऊन थांबलं. मालकांनी चक्क हात जोडले.

"आता बोल," लेथवाला माझ्या कानाशी म्हणाला. काय बोलणार, कप्पाळ? मशीन सुरू झालं होतं हे मलाही दिसत होतं.

माझं काम तपासणीचं. हातात आलेला भाग मोजल्याशिवाय मी पुढे सोडत नाही, तो मालकांनी स्वतः आणून दिला तरी. ही खोड जात नाही, त्यामुळे चमत्कारवाल्यांचं आणि माझं कधी जमलेलं नाही.

हे मशीन कॉम्प्युटरवर चालणारं असलं तरी जुनंपुराणं, दुसऱ्या कारखान्याने वापरून टाकलेलं. सकाळपाळीला त्यावर माझी वहिनी असते. झाडू मारण्यापासून सुरुवात करून, लोकांचे टोमणे खाऊन, ती या मशीनपर्यंत पोचली. दुपारपाळीला मालकांचा भाचा. गेले काही आठवडे वहिनीने सकाळी मेन स्विच चालू केला की अलार्म यायचा. आमच्याकडे मालकांचा दंडकच होता: अलार्म आला की मेन ताबडतोब बंद, नाहीतर काहीतरी जळेल. मग थोडं थांबून पुन्हा चालू, पुन्हा अलार्म, पुन्हा बंद. ऊन वर येईपर्यंत हाच खेळ. एकदा सुरू झालं की मात्र मशीन दिवसभर मुकाट चाले. भाच्याला कधी काही त्रास नाही.

मेकॅनिक बोलवा म्हणून मी दोनदा सांगितलं. मालकांनी बोलावले बाबा. पाण्याचे पंप, लिफ्ट, पिठाच्या गिरण्या असं सगळं म्हणे त्यांनी नुसत्या हाताने बरं केलेलं.

"लोखंडाला मन असतं," बाबा सांगायचे. "ते माणसाची कंपनं पितं. चांगली कंपनं मिळाली की फुलतं, वाईट मिळाली की मिटतं." हे ऐकून माना डोलावणाऱ्यांत रोज वंगणाने हात बरबटून घेणारी माणसंही होती, याचा मला जास्त राग आला.

तिसऱ्या खेपेला, गुरुवारी, बाबांनी निदान केलं. मशीनवर एका बाईची सावली आहे म्हणाले. सकाळी पहिला हात तिचा लागतो, तो जड आहे. नाव घेतलं नाही, पण घ्यायची गरजच काय होती? मालकांनी वहिनीला सांगून टाकलं, सोमवारपासून पॅकिंगला बस. दुपारी डबा खाताना पॅकिंगच्या बायाही तिच्यापासून जरा सरकून बसल्या.

संध्याकाळी घरी ती भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "भाऊजी, खरं सांगा. माझ्यातच काही असेल का?"

काम बदललं ते निभावलं असतं, पण मशीनच्या नुसत्या आवाजावरून कटर बोथट झालेला ओळखणारी ही बाई स्वतःवरच संशय घेत होती. मी तिला म्हटलं, आधी एवढं सांग, बाबा आल्यावर आपल्यापेक्षा वेगळं काय करतात? हात आणि मंत्र सोडून.

तिने नळ बंद केला. विचार करून म्हणाली, "मेन बंद करू देत नाहीत. म्हणतात, मी डोळे उघडेपर्यंत कुणी बटणाला हात लावायचा नाही. आणि मागच्या कपाटावर वारा टाकणारा पंखा बंद करायला लावतात."

तिथेच माझी ट्यूब पेटली. बहुतेक तिचीही पेटली.

मालकांना मी गळ घातली: सोमवारी एकदाच माझ्या पद्धतीने करून बघा, चुकलो तर मीही पॅकिंगला बसतो. बाबांनाही बोलावलं. वहिनीला गेटबाहेर उभं केलं आणि सकाळी सकाळी थंडगार मशीनचा मेन भाच्याच्या हाताने चालू करवला.

लाल अलार्म. भाच्याचा चेहरा उतरला. त्याने दंडकाप्रमाणे मेन बंद केला आणि हात मागे घेतला, जणू त्याचाच हात जड निघाला होता.

"सावली अजून उतरलेली नाही," बाबा म्हणाले आणि बाह्या सरसावून मेन चालू करायला सांगू लागले. मी म्हटलं, मेन बंदच राहू दे, मंत्र आधी होऊ द्या, अर्धा तास काय, तासभर म्हणा, मग आम्ही चालू करतो. बाबा अडखळले. वीज असल्याशिवाय ऊर्जा उतरायची कशी, असं काहीतरी म्हणाले. पंपाच्या वेळीही असंच होतं का, हे कारकुनाने विचारलं आणि लोक पहिल्यांदा हसले.

मग मी वहिनीला आत बोलावलं, मागचं कपाट उघडलं आणि घरून आणलेला केस वाळवायचा ड्रायर बाहेर काढला. बाबा पटकन पुढे झाले.

"अहो, सप्लाय कार्डाला गरम हवा मारू नका, कपॅसिटर फुटतील."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. कंपनांवर जगणाऱ्या माणसाला कार्डाचं नाव बरं ठाऊक होतं. मालकांनी विचारलं, तेव्हा बाबा तोंडातल्या तोंडात पुटपुटले, की पूर्वी ते टीव्ही दुरुस्त करायचे.

मशीनला वीज पुरवणाऱ्या त्या कार्डावर जरा लांबून, बेताची गरम हवा मी थोडा वेळच दिली. वहिनीने मेन चालू केला. अलार्म आलाच नाही. टेबल गुमान आपल्या जागी गेलं.

कार्डावरचे डब्यांसारखे छोटे कपॅसिटर जुने होऊन आतून सुकले होते. गार असताना ते वीज नीट धरत नाहीत, ऊब मिळाली की धरतात. मेन अर्धा तास चालू ठेवला की कार्ड आपोआप तापतं. बाबांचा मंत्र म्हणजे तेवढा वेळ लोकांना बटणापासून लांब ठेवण्याची युक्ती होती. आम्ही मात्र अलार्म दिसला की मेन बंद करून त्याला गारच ठेवत होतो. गार मशीन वहिनीच्या वाट्याला यायचं, तापलेलं भाच्याच्या. सावली होती ती एवढीच. मेकॅनिकने कपॅसिटर बदलले तेव्हा सगळ्यांना हातात देऊन दाखवले.

बाबा तोवर कधीच निघून गेले होते. मालक वहिनीला म्हणाले, झालं गेलं विसरून जा.

"विसरेन," ती म्हणाली. "पण ते मशीन मी रोज चालू करते. काय होतंय ते एकदा तरी मला विचारायचं होतंत." आणि सगळ्यांदेखत तिला रडू आलं.

वाचणाऱ्यांना माझं हात जोडून एवढंच सांगणं आहे. अमक्याच्या हातामुळे, पावलामुळे, सावलीमुळे बिघडतं असं कुणी म्हणालं, तर आधी तो हात बदलून बघा, वेळ बदलून बघा, आणि जो तिथे रोज उभा राहतो त्याला विचारा. एक सकाळ लागते. आम्ही ती सकाळ वेळेवर काढली नाही, आणि एक धडधाकट बाई स्वतःला अपशकुनी समजून चार रात्री जागी राहिली.