थेंबभर तेल

बालाघाटच्या बसस्टँडमागच्या गल्लीत माझं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, दारावर हिंदीत पाटी. बावीस वर्षं मी बायकांचे केस हातात धरते आहे. कुणाच्या डोक्याला काय झालंय हे मला बोटं फिरवताच कळतं, आणि याचा मला तोराही आहे. म्हणूनच मयुरीच्या केसांचं मला कळलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही. मला सगळं कळलं होतं.

मयुरी म्हणजे मैनाबाईंची मुलगी. मैनाबाई आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहतात. नवरा गेल्यापासून शाळेत पोरांचं जेवण रांधतात. रविवारी सकाळी त्या ओट्यावर तेलाची वाटी घेऊन बसायच्या आणि गल्लीतल्या पोरी आपापली फणी घेऊन त्यांच्यापुढे रांग लावायच्या. कुणाची आई कामाला गेलेली, कुणाच्या आईला कंटाळा. मैनाबाई सगळ्यांची डोकी चोळून, वेण्या घालून पाठवायच्या. मी त्यांना चिडवायची की तुमच्यामुळे माझं दुकान बुडणार. त्या हसायच्या आणि माझ्याही डोक्यावर एक हात फिरवायच्या.

मयुरीचे केस मूळचे आईसारखे कुरळे. गोंदियाला नर्सिंग शिकायला गेली तेव्हा तिथे तिने ते औषध लावून सरळ करून घेतले. वर्षभराने लग्न ठरलं, लालबर्‍याचा गजेंद्र, घर चांगलं, माणसं बोलकी. तोवर मुळापासून वीतभर कुरळे केस नवे आले होते आणि खालचे सरळ होते. लग्नात एकसारखे दिसावेत म्हणून ती माझ्याकडे आली.

असं काम करायची एक रीत आहे. क्रीम लावायची ती फक्त नव्या, कुरळ्या भागाला. जिथून जुने सरळ केस सुरू होतात तिथे थांबायचं, कारण त्या केसांनी एकदा औषध सोसलेलं असतं, दुसऱ्यांदा सोसत नाहीत. बट बट वेगळी करून, त्या रेषेपाशी हात आवरत काम केलं तर दोन तास जास्त लागतात. त्या दिवशी माझ्याकडे आणखी दोन नवऱ्या बसल्या होत्या. वैशाखात सगळ्या बालाघाटची लग्नं एकाच आठवड्यात होतात. मी मुळापासून टोकापर्यंत क्रीम ओढली. मनात म्हटलं, चमक जास्त येईल.

धुताना केस माझ्या बोटांत ताणले गेले आणि परत आखडले नाहीत. ओल्या शेवया धराव्या तसे लागले. तिथेच मला कळलं. तेव्हा थांबता आलं असतं, पोरीला खरं सांगता आलं असतं, गरम इस्त्री तरी टाळता आली असती. मी इस्त्री फिरवली. केस आरशासारखे झाले, मयुरीने मान हलवून हलवून बघितलं, मला मिठी मारली, आणि मी दुसऱ्या नवरीकडे वळले.

जाताना नेहमीचं सांगितलं, तीन दिवस पाणी नाही, तेल नाही, केस बांधायचे नाहीत. मैनाबाईंचा चेहरा उतरला. तिसऱ्याच दिवशी तेल चढवायचं होतं. आमच्याकडे हळदीआधी पाच बायका आंब्याच्या पानाने नवरीच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना आणि शेवटी डोक्याला तेल लावतात. त्या काही विचारायच्या आत मीच म्हणाले की चारजणींनी पान नुसतं टेकवावं आणि आईने भांगात थेंबभर लावावं, थेंबाने काही होत नाही. आणि खरोखर काही होत नाही. तेलाने केस फार तर जरा लवकर वळतात. तुटत नाहीत.

लग्न छान झालं. अंबाड्यात सगळं लपलं. बारा दिवसांनी मयुरी माझ्या दारात उभी राहिली, सोबत नणंद पौर्णिमा आणि मागे मैनाबाई. मयुरीने रुमाल सोडला. भांगापासून वीतभर खाली, जिथे जुने सरळ केस सुरू होत होते नेमके तिथेच, केस तुटले होते. कानापाशी तर झाडूच्या काड्या उभ्या राहिल्यासारखे दिसत होते. पाठीवरचे उरलेले केस विरळ आणि कोरडेठाक. आमच्या धंद्यातल्या कुणीही ती रेषा बघून सांगितलं असतं की हे कुणी केलं.

दोन गिऱ्हाइकं बसली होती. पौर्णिमाने सगळ्यांसमोर विचारलं की हे तुमच्या क्रीमने झालं ना. तिचा आवाज असा होता की संध्याकाळपर्यंत लालबर्‍याच्या बाजारात माझं नाव निघालं असतं. आणि मी विचारलं, तीन दिवसांच्या आत डोक्याला तेल लागलं होतं काय?

बस, एवढंच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण मला बोंब मारायचीसुद्धा गरज पडली नाही. सगळ्यांच्या माना मैनाबाईंकडे वळल्या.

"हौ," त्या म्हणाल्या. "मी लावलं होतं."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या थांबल्या होत्या. मी म्हणेन की मीच परवानगी दिली होती, एवढ्यासाठी थांबल्या होत्या. मी खण उघडला आणि त्यात एक कंगवा शोधायला लागले. कंगवा समोरच ठेवलेला होता. खण लावून मी वर बघितलं तोवर त्यांची नजर खाली गेली होती.

"माह्याच हातानं जास्त लागलं असन," त्या म्हणाल्या.

त्या मला वाचवत नव्हत्या, हे आधी समजून घ्या. वाचवत असत्या तर मला रागावता तरी आलं असतं. त्यांना खरंच तसं वाटलं. बावीस वर्षं केसांत काढलेली बाई म्हणते आहे तर आपलीच आठवण चुकली असणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मयुरी तिथेच आईवर ओरडली, हिंदीत, कारण तिला राग हिंदीत येतो. पुन्हा माझ्या डोक्याला हात लावू नको, म्हणाली. पौर्णिमाने मला नमस्कार केला आणि क्रीम चांगली असेल तर आपण पण करून घेऊ, असंही म्हणाली. मी चहा मागवला. आठवलं की आजही कानशिलं तापतात.

पुढे काय झालं ते गल्लीने बघितलं. मैनाबाईंनी रविवारी ओट्यावर बसणं सोडलं. पोरी फणी घेऊन यायच्या, तर त्या म्हणायच्या, माझा हात चांगला नाही. सुनेच्या केसांची गोष्ट आली की लालबर्‍यात व्याही मंडळी आईच्या तेलाचं नाव घेत. मयुरी माहेरी यायची, जेवायची, आईशी बोलायचीही, पण आई मागून आली की हात आपोआप डोक्यावर ठेवायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, दिवस जातील तसं विसरतील. पण मैनाबाई विसरणाऱ्यांतल्या नाहीत. त्या दर आठवड्याला शाळेतून परतताना पार्लरात यायच्या, हात धुऊन स्टुलावर बसायच्या आणि विचारायच्या की अशा केसांना आता काय करावं. मी सांगायची. मोठ्या दातांचा कंगवा घ्यायचा, आधी टोकं सोडवायची, मग वर सरकायचं. ओले केस विंचरायचे नाहीत, टॉवेलने घासायचे नाहीत, नुसते दाबून टिपायचे. आठवड्यात दोनदाच धुवायचे, दर वेळी कंडिशनर. रबर घट्ट नाही, इस्त्री अजिबात नाही. दोन महिन्यांनी टोकं कापायची. नवीन केस येतील त्यांना पुन्हा औषध लावायचं नाही. सुती उशीवर कोरडे केस घासून तुटतात, तिला गुळगुळीत कापडाची खोळ घालायची.

त्या सगळं पाठ करायच्या. माझ्यासमोर पोरीने पाढे म्हणावेत तसं म्हणून दाखवायच्या, एखादं चुकलं तर मला थांबवायला सांगायच्या. मग घरी जाऊन मयुरीला फोन लावायच्या आणि मयुरी फोन सासूकडे द्यायची. शेवटी त्यांनी मलाच गळ घातली की तू सांग, तुझं ती ऐकते. मी फोनवर सांगितलं. मयुरीने आभार मानले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. कधीकधी मी मैनाबाईंवर चिडायची, एवढं काय रोज रोज तेच, असं टाकून बोलायची. त्या उठून जायच्या आणि पुढच्या आठवड्यात परत यायच्या. माझी चीड कसली होती हे मला माहीत होतं. खाई त्याला खवखवे.

सात महिने असे गेले. मार्गशीर्षात मयुरी टोकं कापायला येणार होती. ती अकराच्या बसने यायची होती, मैनाबाई त्याच्या जरा आधीच आल्या. पदराखालून त्यांनी एक खोळ काढली. निळ्या साटिनची, कडेला बारीक टाका, बोटाला शिवण लागू नये म्हणून ती आतून दुमडलेली. कापड ओळखीचं वाटलं. त्यांच्या चांगल्या परकराचं होतं, मयुरीच्या लग्नात नेसलेल्या साडीखालचं.

"हे तिले तू दे," त्या म्हणाल्या. "माह्या नावानं देशीन तं घेणार नाही. तुह्या दुकानातलं हाय म्हणून सांग."

मी खोळ हातात घेतली. सात महिन्यांत मला पुष्कळदा लाज वाटली होती, पण ती अशी होती की चहा प्यायला की जायची. या वेळी ती खोळ हातात धरूनच मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. स्वतःची गोष्ट त्या माझ्या नावावर करायला निघाल्या होत्या. मी माझी त्यांच्या नावावर केव्हाच केली होती.

त्या निघाल्या, मयुरी यायच्या आत. मी त्यांचा हात धरला आणि थांबा म्हटलं. कशाला, तिला आवडणार नाही, असं म्हणत त्या दाराकडे सरकत होत्या तेवढ्यात मयुरी पायऱ्या चढून आत आली. आईला बघून तिचा हात डोक्याकडे गेला. मी दार आतून लावलं आणि खिडकीवर पडदा ओढला. खरं सांगते, तेव्हासुद्धा गल्लीने ऐकू नये ही काळजी मला होतीच.

मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, एका दमात. क्रीम सगळ्या केसांवर ओढली ती माझी चूक. धुतानाच कळलं होतं, तरी इस्त्री फिरवली. तेलाने केस तुटत नाहीत. थेंबभर लावा असं मीच म्हटलं होतं, आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर ते गिळलं.

मैनाबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांना राग यायला वेळ लागत होता, किंवा येतच नव्हता.

"म्हणजे एकच थेंब होता," त्या हळूच म्हणाल्या. "मले वाटे मी इसरली."

मी म्हटलं की गल्लीत चला, सगळ्यांसमोर सांगते, लालबर्‍यात येऊन पौर्णिमाला सांगते, तुमचं काम जन्मभर फुकट करते. बोलता बोलता मला माझीच किळस आली, कारण मी भरपाईचं बोलत होते आणि समोर दोघी उभ्या होत्या. मयुरीने मला मध्येच थांबवलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"केस तं येतीन, काकू," ती म्हणाली. "सात महिने मी आईले हात लावू देल्ला नाही. वो सात महीने कहाँ से लाऊँ?"

 

ती खुर्चीत बसली. डोक्यावरचा क्लचर काढून तिने समोर ठेवला. नवे केस चार बोटं आले होते, कुरळे, काळे, मैनाबाईंसारखे. खाली जुने, फाटलेले, भुरे. तिने आरशातून मागे बघितलं आणि म्हणाली, "आई, ये."

मैनाबाई पुढे आल्या. पदराला हात पुसले, एकदा पुसून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा पुसले. उजवा हात उचलला आणि मयुरीच्या डोक्यापासून बोटभर अंतरावर तो थांबला. मला वाटलं, त्या रडणार. त्या रडल्या नाहीत. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी खरं बोलून पाच मिनिटंही झाली नव्हती, आणि त्या मलाच विचारत होत्या.

"ललिता, हात लावला तं तुटणार तं नाही ना?"

"नाही तुटणार," मी म्हणाले.