मला हात लावण्याआधी

मी माईक बोलतोय. खरं म्हणजे बोलतात दुसरेच, मी त्यांचा आवाज फक्त पुढे नेतो. माझ्या जाळीवर किती जणांनी टिचक्या मारल्या, किती पुढाऱ्यांनी फुंकर मारून ‘हॅलो हॅलो’ केलं, त्याची गणती नाही. पण आज मला माझं स्वतःचं सांगायचंय, कारण मी घाबरलोय.

माझे मालक तळोद्याचे मुजफ्फरभाई, मंडप-साऊंडवाले. त्यांची लेक नमिरा पुण्याहून साऊंडचं शिकून आली. लोणखेड्याच्या एका कॉलेजात अहिराणी गाण्यांचा कार्यक्रम होता; साऊंडही तिचा आणि रेकॉर्डिंगही तिचंच. ते सुरतेच्या एका स्टुडिओला पाठवायचं होतं. पसंत पडलं तर नोकरी. मला स्टँडवर बसवताना पोरीने माझी उंची तीन-तीनदा बदलली.

सकाळीच धूळ बसावी म्हणून मैदानावर पाणी मारलेलं. स्पीकर चालू केले आणि घूं घूं सुरू झाली. असं रेकॉर्डिंग म्हणजे दुधात मिठाचा खडा. मुजफ्फरभाईंनी नेहमीचा इलाज केला: पक्कड घेतली आणि प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन उपटून काढली. आमच्या धंद्यात बरेच जण हेच करतात. घूं गप्प झाली. नमिरा काही बोलू लागली तर म्हणाले, "बेटा, इतने साल से ऐसेच चल रहा है. किसी को कुछ हुआ?" बापापुढे तिची जीभ रेटेना.

आणि माझ्या अंगात मुंग्या शिरल्या. जुन्या अॅम्प्लिफायरमधून गळणाऱ्या करंटची जमिनीत जायची वाट बंद झाली, तसा तो वायरीतून थेट माझ्या जाळीत आला. ओरडून सांगावं, तर मला स्वतःचा आवाज कुठाय?

म्हाताऱ्या धनुबाई गायला आल्या. गाण्याआधी पायातल्या चपला काढायच्या, ही त्यांची रीत. ओल्या मातीवर अनवाणी उभ्या राहून त्यांनी मला धरायला हात पुढे केला. माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात नमिराची नजर त्या पायांवर गेली. हेडफोन टाकून ती धावली आणि तिने म्हातारीचा हात झटकला.

"काबं वं पोरी? मी काय चोरी कयी का?"

"आजी, हात नका लावू. करंट शे त्यामा."

सगळं मैदान बघत राहिलं. तिने माझ्या जाळीला टेस्टर लावला, तर त्यातला दिवा पेटला. मुजफ्फरभाईंनी मान खाली घातली.

नमिराने जुना अॅम्प्लिफायर काढून दुसरा जोडला, तिन्ही पिना शाबूत असलेली वायर लावली, पुन्हा टेस्टर लावून बघितला आणि मगच मला धनुबाईंच्या हाती दिलं. बारीक घूं परत आली. ती तशीच रेकॉर्डिंगमध्ये उतरली आणि तशीच सुरतेला गेली. अजून तिकडून उत्तर नाही.

सामान आवरताना मुजफ्फरभाईंनी मला फडक्याने पुसायला घेतलं.

"तू छोटी थी ना, तब इसी माईक में गाने बोलती थी," ते लेकीला म्हणाले. "नंगे पाँव."

मग त्यांनी मला पेटीत ठेवलं.

आता मी पेटीत आहे. उद्या कोणाच्या मंडपात जाईन, तिथे कोणाच्या हातात पक्कड असेल, ठाऊक नाही. बाबांनो, तुमचं लेकरू माझ्याजवळ ओठ आणेल, तेव्हा आधी त्या प्लगकडे बघा. मला कोणाचा जीव घ्यायचा नाही.