आबांचा डबा

"सूनबाई, ह्यांला शब्द सापडंना झाल्यात," असं सासूबाई मला उन्हाळ्यात पापड लाटताना म्हणाल्या होत्या. "काल कंगव्याला केसाचा नांगर म्हणाले."

मी हसले. "वय झालंय, आई. आणि नांगर तसा अगदीच चूक नाही."

पावसाळा सरेपर्यंत नांगरही गेला. उरला फक्त डबा. चष्मा डबा, पंखा डबा, पुण्याहून आलेले जावईसुद्धा डबा. बाकी डोकं शाबूत. दौंडच्या रेल्वेतून फिटर म्हणून रिटायर झालेले आमचे आबा पत्त्यांत अजूनही लबाडी करून जिंकत.

पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "हा विसरण्यापासून नाही, शब्दांपासून सुरू होणारा आजार आहे. परीक्षा घेऊ नका, चुका सुधारू नका. दोन वस्तू समोर धरा, निवडू द्या आणि थांबा. मुख्य म्हणजे त्यांना गप्प बसू देऊ नका. एकदा ती सवय लागली की माणूस घरात असून नसल्यासारखा होतो."

मी मान डोलावली. पण माझा सम्राट पहिलीत. शाळेत बाईंनी खुर्ची दाखवून "हे काय?" विचारलं, तर पठ्ठ्या म्हणाला, "डबा." हे आबांचंच ऐकून, असं मी ठरवून टाकलं. त्या दिवसापासून आबांबरोबर खेळणं बंद. संध्याकाळी सम्राट आतल्या खोलीत अभ्यासाला, दार लावून.

आणि आबांनी एकच धोशा लावला. संध्याकाळ झाली की ओट्यावर बसून, "डबा."

सासूबाईंनी जेवणाचा डबा आणला, पिठलं-भाकरी भरून. आबांनी भिडेखातर खाल्लं, तोंड पुसलं. "डबा."

"अजून? आवो, पोट हाय का पोतं?"

मग सासूबाई माझ्या कानाशी लागल्या. "म्हंजी... तसला डबा आसंल का गं? गावाकडं न्ह्यायचे तसला?"

घरात संडास होऊन वर्षं झाली होती. तरी तेलाचा रिकामा डबा पाण्यानं भरून त्यांनी आबांच्या हातात दिला आणि परसाकडचं दार उघडलं. आबा डबा घेऊन तसेच उभे राहिले. मग पाणी कढीपत्त्याला घालून रागानं परत आले.

मी बी.ए. झालेली. मी डोकं लढवलं. रेल्वेचा माणूस, दुसरा कुठला डबा असणार? दुसऱ्या दिवशी त्यांना स्टेशनवर नेलं, प्लॅटफॉर्म तिकिटं काढली आणि पॅसेंजरपुढं उभं केलं. "हा ना, आबा?" आबांनी सवयीनं वाकून चाकाखाली बघितलं, सगळं ठीक असल्याची मान हलवली आणि घरी चालू लागले.

ओट्यावर बसल्यावर म्हणाले, "डबा." या वेळी अगदी हळू.

त्यानंतरच्या संध्याकाळी तेवढंही म्हणाले नाहीत. सासूबाईंनी दिलेला चहा तसाच गार झाला. मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं.

मी जेवणाचा डबा आणि तो तेलाचा डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही. पदराचं टोक चावत बसले. बऱ्याच वेळानं आबांनी तेलाचा डबा उचलला, गल्लीच्या मधोमध उपडा घातला आणि त्याला सणसणीत लाथ मारली. मग सम्राटच्या बंद दाराकडं बघत उभे राहिले.

डबा ऐसपैस.

मी दार उघडलं. सम्राट सुटला, शेजारची आसिया आली, गल्ली गोळा झाली. पहिलं राज्य आबांवर. पाण्याच्या पिंपामागं सम्राटचं डोकं दिसत होतं. आबांनी तोंड उघडलं, पण नाव येईना. मी दारातून "स..." म्हणाले आणि जीभ चावली.

"अंडं फुटलं," कुणीतरी ओरडलं. नाव चुकलं की अंडं फुटतं आणि राज्य पुन्हा त्याच्यावरच येतं, हा नियम.

"फुटलं न्हाई," आसिया म्हणाली. "आबांना नाव माफ. बोट चालंल. पण नीट एकाकडंच."

"मग मला पण बोट," सम्राट म्हणाला.

"तुला तोंड हाय की."

आबांनी बोटानं सगळे टिपले. मग दोरीवर वाळत घातलेल्या गोधडीकडं वळले. तिच्यामागं, कुणी बोलावलं नसताना, सासूबाई लपल्या होत्या. आबांनी बोट रोखलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "म्हैस."

"काय म्हणालात?"

"आई, चूक सुधारायची नाही," मी म्हणाले.

सासूबाईंनी डोळे वटारले, पदर खोचला आणि हसत सुटल्या. "म्हैस तर म्हैस. नवा शब्द निघाला, बाई."

आता आबा रोज काहीबाही बोलतात. निम्मं कळतं, निम्म्यावर आम्ही भांडतो.

तुमच्याही ओळखीत एखादं बोलकं माणूस असेल, जे अलीकडं नुसतीच मान हलवतं. आज त्याच्याकडं जाऊन याल का? काही विचारू नका. शेजारी बसा आणि जरा थांबा.